पूल राखणारा वकील

गोंदियाच्या कोर्टात माझी वकिली धुऱ्यांवर चालायची. दोन शेतांच्या मधला हातभर रुंदीचा मातीचा बांध, त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. एका भावाने तो रोवणीच्या आधी वीतभर सरकवला की दुसरा भाऊ माझ्याकडे यायचा, आणि सरकवणारा समोरच्या वकिलाकडे जायचा. समोरचे वकील म्हणजे बहुतेक वेळा आमच्या बारमधले एकच ज्येष्ठ गृहस्थ. खटला इतका चालायचा की मूळ पक्षकार मरून जायचे, त्यांची मुलं वारस म्हणून लागायची, आणि तोवर धुऱ्यावर बाभूळ उगवून मोठी झालेली असायची. मग त्या बाभळीचा वेगळा दावा व्हायचा.

असा माणूस सैन्यात का गेला, हे मला नंतर पुष्कळांनी विचारलं. सत्कारांमध्ये मी देशप्रेम हे उत्तर देत आलो. खरं कारण आमची बाररूम. दुपारी सुनावण्या आटोपल्या की तिथे चहाबरोबर लढाई सुरू व्हायची. ज्येष्ठ वकील टेबलावर काचेचा पेपरवेट सरकवून तोफखाना कुठे लावायचा ते दाखवायचे. "एक बार अंदर घुस जाना चाहिए। दो-तीन दिन का काम है।" कोर्टाचा जिना चढताना ज्यांना दोनदा थांबावं लागतं ती माणसं बसल्या जागी हिमालय ओलांडायची. त्यांत मी होतो, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. एका दुपारी मी पायदळाच्या हालचालींवर इतका वेळ बोललो की आमच्यातल्या एक तरुण वकील बाई फाईल बांधता बांधता म्हणाल्या, "सर, मग तुम्ही का जात नाही?"

सगळे हसले. मी म्हणालो, वय निघून गेलं, नाहीतर कधीच गेलो असतो.

त्या म्हणाल्या, "अर्धवेळ सैन्य असतं ना सर. आपला धंदा सांभाळून वर्षातून काही दिवस प्रशिक्षणाला जायचं, आणि लढाई लागली तर पूर्णवेळ हजर व्हायचं. माझा मावसभाऊ आहे त्यात."

मी फोन काढला. वयाची अट मी ओलांडलेली असणार याची मला खात्री होती, आणि तेच सगळ्यांना दाखवून विषय संपवायचा होता. अट ओलांडायला अजून काही वर्षं होती. फोन माझ्या हातातून ज्येष्ठ वकिलांनी घेतला, चष्मा कपाळावर चढवून वाचला, आणि घोषणा केली, "अपना वकील साहब तो एलिजिबल है।" बाररूममध्ये टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांतून मागे फिरायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नव्हतं. म्हणून मी सैन्यात गेलो.

गोंदियाजवळच्या मुर्रीला घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

"कायले?" एवढंच विचारलं.

मी देशाबद्दल बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, "मागल्या महिन्यात गॅसचं सिलिंडर उचलून आत आणाले सांगितलं तं पाठ धरली तुमची."

मला वाटलं होतं लेखी परीक्षेतच सुटका होईल. पास झालो. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, समोरून शत्रू चालून येतोय आणि तुमच्याकडे मोजकी माणसं आहेत, काय कराल. सवयीने तोंडातून निघालं, "सर, आधी त्यांची बाजू काय आहे ते समजून घेईन." टेबलामागचे सगळे अधिकारी एकदम हसले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की काम झालं, नाही घेत. तर घेतलं. सैन्यालाही करमणुकीची गरज असते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

प्रशिक्षणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खंदकावरून उडी मारायची होती, मी खंदकात पडलो. वरून उस्ताद वाकून बघत होता. "वकील साहब, कोई ऑब्जेक्शन?" मी म्हणालो, नाही. "तो बाहर आइए।" पोट थोडं उतरलं, गुडघे कायमचे दुखायला लागले, आणि मी पायदळाचा लेफ्टनंट झालो. गोंदियात आलो की वर्दीतला फोटो ऑफिसात अशील बसतात तिथे समोर लावला. फी द्यायला मागेपुढे करणारी माणसं फोटोकडे बघून लवकर देऊ लागली. माझ्या मते सैन्याचा तोवरचा सगळ्यांत मोठा फायदा तोच होता.

मग त्या उन्हाळ्यात सीमेवर तापलं, आणि आमच्या बटालियनला हजर होण्याचा हुकूम आला.

हुकूम आल्याचं कळताच बारने सत्कार ठेवला. शाल, नारळ, गुलाबाचा हार. हार ज्येष्ठ वकिलांच्या हस्ते. ते माईकवर म्हणाले की आज गोंदियाचा सुपुत्र रणांगणावर निघाला आहे आणि आपण सर्व त्याच्या पाठीशी आहोत. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. मलाही भरून आलं.

सत्कारानंतर लगेच आमचा एक धुऱ्याचा खटला पुकारला गेला. मी हार काढून खुर्चीवर ठेवला, कोर्टापुढे उभा राहिलो आणि लढाईवर जात असल्यामुळे पुढची तारीख मिळावी असा अर्ज दिला. समोर ज्येष्ठ वकील उठले.

"हरकत आहे, साहेब."

न्यायाधीशांनी वर बघितलं. "हरकत?"

"माझे विद्वान मित्र देशासाठी जात आहेत, याचा मला अभिमान आहे. पण माझा पक्षकार वयस्कर आहे. युद्धाच्या नावाखाली किती काळ थांबायचं त्याने?"

न्यायाधीशांनी मला विचारलं, "परत केव्हा येणार?"

"लढाई संपली की, साहेब."

"ते नक्की काही सांगता येईल?"

मी म्हणालो, ते दोन्ही पक्षांवर अवलंबून आहे. त्यांनी तारीख दिली आणि खाली 'शेवटची संधी' असं लिहिलं. बाहेर आल्यावर ज्येष्ठांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बुरा मत मानना। वो अपना काम है। तुम उधर ठोक देना।"

संध्याकाळी आमच्या गावी, दवनीवाड्याला गेलो. बाबा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभे होते, उन्हाळी धान कापणीला आलेलं.

"मी चाललो बाबा. हुकूम आला."

"कोर्टाचा?"

"मिलिटरीचा."

"मंग जा," ते म्हणाले. "कोर्टाचा असता तं धान काढून जा म्हटलो असतो." थोडं पुढे जाऊन ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि पागोट्याच्या शेवाने बराच वेळ तोंड पुसत राहिले. ऊन तर केव्हाच उतरलं होतं.

आम्हाला जम्मूच्या बाजूला नेलं. मी रेल्वेत बसून नकाशे वाचत होतो. डोंगरमाथे, चौक्या, चढाईचे मार्ग. पोचल्यावर कमांडिंग ऑफिसरनी मला जीपमध्ये घालून एका कालव्यापाशी नेलं आणि बोट दाखवून म्हणाले, "हा पूल तुमचा. राखायचा."

पूल म्हणजे आमच्याकडे नहरावर असतो तसा. एक ट्रक जाईल एवढा रुंद. त्यावरून सकाळी दूधवाला जायचा आणि दुपारी तोच परत यायचा. बाररूमच्या लढाईत आम्ही पूल उडवायचो. राखायचे असतात हे कुणी बोललं नव्हतं.

माझ्या प्लाटूनमध्ये एक हवालदार होता, सडक अर्जुनीचा. एरवी हायवेवर त्याचा ढाबा. आमच्यासारखाच अर्धवेळ. त्याच्याइतका फेकणारा माणूस मी कोर्टातसुद्धा बघितला नाही. आपण एका ट्रकवाल्याला एका हाताने उचलून फेकला, आपल्या ढाब्यावर एक मंत्री रडत जेवला, अशा गोष्टी तो रोज सांगायचा, आणि रोज ट्रकवाल्याचं वजन वाढायचं. लंगरची, म्हणजे सैन्याच्या स्वयंपाकघरातली डाळ त्याला कधी आवडली नाही. "साहेब, हे डाळ शत्रूले पाठवा, लढाईच संपून जाईन." पहाऱ्यावर तो बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा आणि विचारलं की म्हणायचा, "कान लावून राहिलो न साहेब, डोळे उघडे असले की कानाले कमी येते."

तिकडे गोंदियात लढाई जोरात होती. मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, टीव्हीवर सांगून राहिले आपण त्यांचं बंदर घेतलं. तुम्ही आत घुसले काय?"

मी पुलावर आट्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. गाडी आली नव्हती. "अजून नाही," म्हणालो.

"सांगता येत नसन तं नका सांगू," तो आदराने म्हणाला. "समजलो मी."

मग खरे गोळे पडायला लागले. आधी लांब, शेतात. त्याचा आवाज टीव्हीवरच्यासारखा नसतो. छातीत आतून कुणीतरी ढकललं असं होतं. आमच्यापुढचं गाव रिकामं करायला तिथल्या तहसीलदारांनी मदत मागितली, तेव्हा मी, हवालदार आणि काही जवान ट्रक घेऊन गेलो. लोक तयारच होते. गाठोडी बांधलेली, म्हशी सोडलेल्या. अर्ध्या दिवसात गाव ट्रॅक्टर-ट्रकांत बसून निघून गेलं. राहिले दोन म्हातारे. सख्खे भाऊ. गावाबाहेर दोन शेतांच्या मध्ये बांधाच्या अलीकडे थोरला खाट टाकून बसलेला, पलीकडे धाकटा.

मी थोरल्याला म्हणालो, चला बाबाजी, गोळे पडताहेत.

"गोले तो हर बार गिरते हैं," तो म्हणाला. "मैं गया तो ये मेड़ सरका देगा।"

धाकटा पलीकडून बोलला, "पिछली बार इसी ने सरकाई थी। मैं नहीं उठूँगा।"

हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, बोला तं खाटेसकट उचलून टाकतो गाडीत."

"थांबा," मी म्हणालो. मेड़ म्हणजे धुरा. घर सोडल्यापासून पहिल्यांदा मला समोरच्या माणसाचं बोलणं पूर्ण समजलं होतं.

मी हेल्मेट काढून बांधावर पालथं घातलं आणि त्याच्यावर बसलो. आधी थोरल्याला विचारलं, बाप गेला तेव्हा वाटणी कुणी केली. मग धाकट्याला. थोरला मध्ये बोलला तेव्हा त्याला थांबवलं, तुमची पाळी होऊन गेली. दूर कुठेतरी गोळा पडला, आम्ही तिघांनी माना खाली घातल्या, धूळ बसली, आणि धाकटा पुढे सांगू लागला की वाटणीच्या वेळी इथे तुतीचं झाड होतं. झाडाचा बुंधा अजून होता. दोघांनाही तो मान्य होता. मी जवानाला तंबूच्या लोखंडी मेखा आणायला सांगितल्या आणि बुंध्यापासून सरळ रेषेत जमिनीत ठोकायला लावल्या. हातोडा चालवणारा तो बिचारा प्रत्येक मेखेला एकदा आकाशाकडे बघायचा.

मग निकाल दिला. आहे ती स्थिती कायम. दोघांनी एकाच ट्रकमध्ये बसायचं. गावकऱ्यांच्या छावणीत दोघांना एकच खोली मिळेल. एक बाहेर निघाला की दुसऱ्याला दिसेल.

ही कल्पना त्यांना फार आवडली. थोरल्याने खाट उभी केली. ट्रकमध्ये चढता चढता धाकट्याने विचारलं, "अपील?"

"लड़ाई के बाद," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातला एवढ्या लवकर निकाली निघालेला धुऱ्याचा तो एकमेव खटला. गोंदियात वारस लागले असते.

कमांडिंग ऑफिसरना कळलं तेव्हा त्यांनी बोलावून घेतलं. कोणत्या अधिकारात तुम्ही नागरी जमिनीची मोजणी केली, आणि सरकारी मेखा कुठे आहेत. मी म्हणालो, मेखा वादग्रस्त जागेवर आहेत, काढल्या तर शांतता भंग होईल. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "लेफ्टनंट, गो बॅक टु युअर ब्रिज."

गेलो. दुसऱ्या सकाळी गोळे पुलावर आले. हवालदार चहाचा मग घेऊन डाळीबद्दल काहीतरी बोलत होता. पहिला पडला तेव्हा मी कालव्याशेजारच्या कोरड्या नालीत होतो. उडी मारल्याचं मला आठवत नाही. प्रशिक्षणात जी उडी मला कधी जमली नाही ती त्या दिवशी न शिकवता जमली. तोंडात माती होती. जवानांना ओरडून सांगायची सगळी इंग्रजी वाक्यं मला पाठ होती आणि त्यातलं एकही आठवेना. तेवढ्यात वरून शिव्या ऐकू आल्या, आमच्याकडच्या अस्सल झाडीबोलीतल्या, गोळा टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांना. हवालदार पुलाच्या तोंडाशी पडला होता.

मी सरपटत वर गेलो. शूरपणाने नव्हे. तो ओरडत होता आणि ते ऐकवत नव्हतं, म्हणून. काखेत हात घालून त्याला ओढत नालीत आणलं. तो फार जड होता. दोन्ही पायांवर रक्त होतं. मी पट्टी काढली, वेष्टण दाताने फाडलं, आणि मांडीला आवळून बांधली. गाठ नीट बसली म्हणून मला जरा बरं वाटलं.

"साहेब," तो दात आवळून म्हणाला, "दुसरा पाय."

मी सोडली आणि दुसऱ्या पायाला बांधली. आम्ही तिथे पडून राहिलो. तो माझं मनगट धरून होता. गोळे थांबेपर्यंत त्याने एकही फेक मारली नाही, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

त्याला इस्पितळात हलवलं. पूल शाबूत होता. दूधवाला दुसऱ्या दिवशी पण आला नाही, तिसऱ्या दिवशी आला. लढाई थांबल्याचं आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. बायकोचा फोन आला. "संपलं म्हणून राहिले टीव्हीवर. जेवले काय?" मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला नाही. बराच वेळ मला मुर्रीतल्या आमच्या स्वयंपाकघरातला नळ ऐकू येत होता. बाररूमच्या ग्रुपवर मात्र नाराजी होती. इतक्यात थांबायला नको होतं, असं सर्वांचं मत पडलं होतं.

परत आलो तेव्हा गोंदिया स्टेशनबाहेर फ्लेक्स लागला होता. माझा चेहरा कुणा दुसऱ्याच्या धडावर बसवला होता, आणि ते धड रणगाड्यातून बाहेर निघालेलं. मी रणगाडा जवळून पाहिलेला नाही. माझ्यापेक्षा मोठा चेहरा एका पुढाऱ्यांचा होता. ते आकाशातून माझ्याकडे बघून हसत होते.

सत्कार झाला. ज्येष्ठ वकील बोलले की या वीराने एकट्याने पुलावर शत्रूला रोखून धरलं. मी माईक घेऊन खरं सांगायचा प्रयत्न केला. शत्रू पुलाजवळ आला नव्हता, मी नालीत होतो, आणि ज्याला लागलं तो मी नव्हे, माझा हवालदार आहे. लोक टाळ्या वाजवू लागले. "कितनी नम्रता है," कुणीतरी पुढच्या रांगेत म्हणालं. आयोजकांना मी बाजूला घेऊन सुचवलं, हवालदाराचाही सत्कार करा. त्यांनी विचारलं, कुठला आहे. सडक अर्जुनीचा. "मग तो आपल्या मतदारसंघात येत नाही," ते म्हणाले. "तिकडचे करतील." तिकडच्यांनी केला नाही. त्यांचा फ्लेक्स आधीच छापून झाला होता, आणि त्यावर मीच होतो.

वकिली पुन्हा सुरू झाली. आता अशील वेगळ्या अपेक्षेने येतात. "साहेब, तुमी मिलिटरीवाले, त्याले एकदा दम देऊन द्या न," म्हणतात. कायद्याने होत नाही ते वर्दीने होईल असं त्यांना वाटतं. मी त्यांना तारीख देतो. जम्मूकडच्या त्या दोन भावांपैकी धाकट्याचा एकदा फोन आला. छावणीतून घरी परतले आहेत. मेखा जागेवर आहेत. पण एकाच खोलीत राहून त्याच्या लक्षात आलं की थोरला झोपेत बोलतो, आणि झोपेत त्याने एका विहिरीचा उल्लेख केला. या विहिरीत आपला हिस्सा बसतो का, असं त्याला विचारायचं होतं.

मध्ये एका कामासाठी सडक अर्जुनीला गेलो होतो. हवालदाराच्या ढाब्यावर थांबलो. तो पाय ओढत बाहेर आला, मला सलाम केला आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. लगतच्या बाजेवर रायपूरकडचे ट्रक ड्रायव्हर जेवत होते, आणि त्याची गोष्ट अर्ध्यावर आली होती. माझ्याकडे बघून त्याने ती तशीच पुढे चालू ठेवली. त्या गोष्टीत पुलावर बरेच शत्रू चालून आले होते. त्याने काही जणांना कढईने मारलं होतं.

एका ड्रायव्हरने विचारलं, "और तुम्हारे साहब? वो कहाँ थे?"

हवालदाराने माझ्याकडे न बघता पोळीवर तूप सोडलं. "साहब नाली में थे," तो म्हणाला. "पर निकले। सब नहीं निकलते।"

ड्रायव्हरने मान हलवली आणि आणखी भात मागितला. त्या गोष्टीत उलटतपासणीला जागा भरपूर होती. कढई कुठून आली, इथूनच सुरुवात करता आली असती. हवालदार माझ्यापुढे ताट ठेवून गेला. मी जेवलो. त्याने पैसे घेतले नाहीत, आणि मी निघालो तेव्हा तो दुसऱ्या बाजेकडे वळला होता, तिथे नवं गिऱ्हाईक आलं होतं म्हणून.